अवेळी जागं झालेलं बीज

जुलै २०१७. मुंब्र्याच्या बिलाल हॉस्पिटलमध्ये दिवस भरत आलेल्या एका बाईची सोनोग्राफी चालू होती. रेडिओलॉजिस्ट डॉ. भावना थोरात यांना पडद्यावर बाळ नीट दिसत होतं. पण त्या बाळाच्या पोटात मागच्या बाजूला आणखी एक पिशवी होती आणि त्या पिशवीत हातापायांची इवली हाडं. बाळाच्या पोटात बाळ! मुलगा जन्मला, त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि सुमारे ७ सेंटीमीटर लांबीचा, दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा अर्धवट घडलेला गर्भ बाहेर काढला गेला. ठाणे महापालिकेच्या हद्दीतली ही घटना तेव्हा देशोदेशींच्या वर्तमानपत्रांत छापून आली होती.

वैद्यकात याला 'फीटस इन फीटू' म्हणतात. अंदाजे ५ लाख जन्मांमागे एखाद्या वेळी असं घडतं. तरीही महाराष्ट्राला हा प्रकार अनोळखी नाही. १९९९ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अजय मेहता यांनी नागपूरच्या एका शेतकऱ्याच्या पोटातली प्रचंड गाठ काढायला घेतली, तेव्हा हाताला लागली ती हाडं, केस आणि जबडा. तो माणूस तोवर छत्तीस वर्षांचा झाला होता. २०२५ च्या जानेवारीत बुलढाण्याच्या जिल्हा महिला रुग्णालयातही सोनोग्राफीत पोटातल्या बाळाच्या पोटात गर्भासारखी आकृती दिसली आणि पुन्हा बातम्या झाल्या.

या बातम्या आपण तोंडात बोट घालून वाचतो आणि पान उलटतो. पण वरकरणी अशीच वाटणारी एक गोष्ट ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या सोनोग्राफी सेंटरांत वरचेवर समोर येते आणि तिची बातमी कधी होत नाही. फडके रोड असो की गोखले रोड, 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' अशा पाटीखाली आपला नंबर यायची वाट बघणारी एखादी मुलगी पोट दुखतं म्हणून, पाळी पुढेमागे होते म्हणून किंवा नुसत्या तपासणीसाठी आलेली असते. तिच्या हातात येणाऱ्या रिपोर्टवर लिहिलेलं असतं, उजव्या ओव्हरीत पाच बाय चार सेंटीमीटरचा डर्मॉइड सिस्ट.

घरी जाईपर्यंत तिनं मोबाइलवर तो शब्द शोधलेला असतो आणि समोर चित्रं आलेली असतात. केस. दात. पिवळी चरबी. ती घाबरते, तिची आई त्याहून जास्त. ही भीती मला पूर्ण समजते. तरी मला वाटतं, या गाठीची खरी हकीकत एकदा नीट कळली की भीतीच्या जागी आश्चर्य येतं आणि आश्चर्य वाटलेला माणूस अधिक शहाणपणानं उपचार घेतो.

आत असतं तरी काय?

अंडाशयातला डर्मॉइड म्हणजे एक जाड भिंतीची पिशवी. तिच्या आतल्या बाजूला अस्तर असतं ते चक्क त्वचेचं. आपल्या अंगावर आहे तशीच त्वचा, पण आतून बाहेर उलटलेली. त्वचा म्हटल्यावर तिच्यात केसांची मुळं आली, घामाच्या ग्रंथी आल्या, तेल सोडणाऱ्या ग्रंथी आल्या. या सगळ्या आपापलं काम इमानानं करत राहतात. केस वाढतात, तेल स्रवत राहतं आणि बाहेर जायला वाट नसल्यानं वर्षानुवर्षं आत साठत जातं. शरीराच्या उष्णतेत ते पातळ असतं. शस्त्रक्रियेत बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवलं की थंडीतल्या तुपासारखं थिजतं.

पिशवीच्या भिंतीवर बहुधा एक उंचवटा असतो. व्हिएन्नाचे एकोणिसाव्या शतकातले विकृतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन रोकिटान्स्की यांचं नाव त्याला दिलेलं आहे. केस बहुतेक इथूनच उगवतात. हाड इथेच सापडतं, कूर्चा इथेच आणि दातसुद्धा. हे दात म्हणजे दातासारखे दिसणारे खडे नव्हेत. त्यांच्यावर एनॅमल असतं, आत डेंटिन असतं, काहींना मुळं असतात, काही तर हाडात नीट रुतून बसलेले असतात. पोटाच्या साध्या एक्स-रेमध्ये ओटीपोटाच्या जागी दाढ दिसावी, हा अनुभव कित्येक डॉक्टरांनी घेतलेला आहे.

या दाताशी मी जरा थांबतो, कारण दात घडणं हे सोपं काम नाही. त्याला दोन वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी लागतात. वरच्या थरातल्या पेशी खालच्या थराला रासायनिक निरोप धाडतात, खालचा थर उत्तर देतो, मग वरचा थर त्या उत्तराप्रमाणे वळतो, दुमडतो आणि कुठे एनॅमल घालायचं, कुठे डेंटिन, हे ठरतं. असे निरोप कितीदा तरी जातात येतात. जबड्यात हे सगळं घडतं तेव्हा आपल्याला त्यात नवल वाटत नाही. पण ओटीपोटाच्या अंधारात, ना जबडा, ना तोंड, ना चावायला काही, तिथेही तोच संवाद त्याच क्रमानं पार पडतो आणि दात उभा राहतो. शरीर घडवायची विद्या कुठल्या एका मुख्य ठिकाणी ठेवलेली नसते, ती पेशीपेशीत असते, याचा याहून ठोस पुरावा मला माहीत नाही.

शवविच्छेदनात सापडलेल्या अशा गाठीची नोंद सतराव्या शतकाच्या मध्यावर झाली होती. पण या गाठी येतात कुठून, हे कळायला त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षं जावी लागली.

करणी नव्हे, कलंक नव्हे

त्या तीनशे वर्षांत लोकांनी आपापली उत्तरं शोधली, काही जण अजूनही शोधतात. आपल्याकडे पोटातून केस निघाले म्हटलं की कुणीतरी करणीचं नाव काढतंच. कुणी म्हणतं, लहानपणी केस गिळले असतील. केस खायची सवय असणाऱ्या मुलींच्या जठरात खरोखर केसांचा गोळा होतो, पण तो जठरात, अंडाशयात नव्हे. जठरातून अंडाशयात जायला वाटच नाही. आणि सर्वांत जीवघेणा तो तिसरा तर्क: लग्न न झालेल्या मुलीच्या पोटात दात आणि हाडं सापडली म्हणजे 'काहीतरी' झालं असणार. हे कुजबुजीत बोललं जातं आणि मुलीला आयुष्यभर पुरतं.

म्हणून हे अगदी स्पष्ट लिहायला हवं. डर्मॉइडसाठी पुरुषाची गरज नसते. शरीरसंबंधाची गरज नसते. लहान मुलींत तो सापडतो, साठी ओलांडलेल्या बायकांत सापडतो, लग्न झालेल्यांत आणि न झालेल्यांत सारखाच सापडतो. सर्वाधिक सापडतो तो विशी ते चाळिशीच्या दरम्यान. अंडाशयाच्या सगळ्या गाठी धरल्या तर साधारण दहातली एक ते पाचातली एक डर्मॉइड असते.

तो येतो बीजांडातून. आणि बीजांडाची कथा स्त्रीच्या जन्माआधी सुरू होते.

गर्भ जेमतेम तीन-चार आठवड्यांचा असतो, तेव्हा पुढे बीजांडं किंवा शुक्राणू होणाऱ्या पेशी अंडाशयात नसतातच, कारण अंडाशयच अजून झालेलं नसतं. त्या असतात गर्भाच्या शरीराबाहेर, पीतक कोशाच्या भिंतीत. तिथून त्या निघतात. आतड्याच्या भिंतीच्या कडेकडेनं, स्वतःच्या हालचालीनं सरकत त्या सहाव्या आठवड्याच्या सुमाराला आपल्या मुक्कामी पोचतात आणि मग त्यांच्याभोवती अंडाशय आकार घेतं. काही वाट चुकतात. अशा चुकलेल्या पेशींपासूनच छातीच्या मध्यभागी किंवा मेंदूच्या खोल भागात याच जातीच्या गाठी होतात, असं मानलं जातं.

ज्या पोचतात त्या झपाट्यानं वाढतात. मुलीचा गर्भ पाच महिन्यांचा होतो तेव्हा तिच्या अंडाशयांत ६० ते ७० लाख बीजपेशी असतात. जन्मापर्यंत त्यातल्या बहुतेक विरून जातात, १० ते २० लाख उरतात. उरलेली सगळी बीजांडं विभाजनाच्या ऐन मध्यावर येऊन थबकतात. पाळी सुरू होईपर्यंत त्यांतलं एकही पुढे सरकत नाही. त्यानंतर दर महिन्याला एखादं जागं होतं. म्हणजे तिशीतल्या बाईचं बीजांड तीस वर्षांहून जुनं असतं, ती आईच्या पोटात असताना घडलेलं.

इतकी वर्षं एका पेशीनं अर्ध्या वाटेवर थांबून राहायचं, हीच मुळात केवढी शिस्त आहे! ही शिस्त राखायला पेशीत खास व्यवस्था असते. १९९४ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगांत 'मॉस' नावाचं एकच जनुक निकामी केलं गेलं. हे जनुक बीजांडाला नंतरच्या एका टप्प्यावर, शुक्राणू येईपर्यंत, थोपवून धरतं. ते नाहीसं झाल्यावर त्या उंदरिणींची बीजांडं कुणाची वाट न बघता आपली आपण विभाजित होऊ लागली आणि त्यांच्या अंडाशयांत अशाच गाठी झाल्या.

माणसांतही तेच घडतं, याचा पुरावा त्याआधी, १९७५ मध्ये अमेरिकेतल्या लिंडर, मॅकॉ आणि हेक्ट या तिघांनी दिला होता. स्त्रीच्या बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक तिच्या आईकडून आलेली, दुसरी वडिलांकडून. त्या दोन किंचित वेगळ्या असू शकतात. बीजांड पहिलं विभाजन पूर्ण करतं तेव्हा या जोड्या फुटतात. या तिघांनी स्त्रियांच्या रक्तातल्या आणि त्यांच्याच गाठींतल्या गुणसूत्रांची तुलना केली. रक्तात जिथे दोन प्रती वेगळ्या होत्या, तिथे गाठीत गुणसूत्राच्या मध्यबिंदूजवळ दोन्ही प्रती एकसारख्या निघाल्या. याचा अर्थ असा, की गाठ शरीराच्या साध्या पेशीपासून झालेली नव्हती, ती पहिलं विभाजन उरकलेल्या एका बीजांडापासून झाली होती. त्यात दुसऱ्या कुणाचाही अंश नव्हता. पुढच्या संशोधनात काही गाठींची वाट थोडी वेगळी असल्याचं दिसलं, पण बीजांड हेच उगमस्थान राहिलं.

कुजबुजणाऱ्यांना द्यायचं उत्तर हेच आहे आणि ते प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं आहे.

मग मूल का होत नाही?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त खुणावतो. गाठीत दात आहे, केस आहे, हाड आहे, कधी थायरॉइडचा तुकडा आहे, श्वासनलिकेचं अस्तर आहे, मेंदूच्या पेशी आहेत. गुणसूत्रंही पूर्ण ४६ आहेत. मग अडतं कुठे?

१९८४ मध्ये इंग्लंडात केंब्रिजला अझीम सुरानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि अमेरिकेत मॅकग्रा आणि सॉल्टर यांनी स्वतंत्रपणे हाच प्रश्न उंदरांना विचारला. नुकत्याच फळलेल्या अंड्यातलं पित्याकडचं केंद्रक काढून त्यांनी त्या जागी दुसरं मातेकडचं केंद्रक घातलं. काही अंड्यांत उलट केलं, दोन्ही पित्याकडची. हिशोबानं गुणसूत्रं पूर्ण होती. तरीही एकही पिल्लू जन्मलं नाही. दोन्ही मातेकडची असतील तर गर्भ थोडा वाढायचा पण त्याला पोसणारी वार खुरटायची. दोन्ही पित्याकडची असतील तर वारेचा भाग फोफावायचा आणि गर्भ खुरटायचा. आई आणि वडील आपापल्या गुणसूत्रांवर वेगवेगळ्या रासायनिक खुणा करून ठेवतात. काही जनुकं फक्त आईकडची चालतात, काही फक्त वडिलांकडची. दोन्ही खुणा एकत्र आल्याशिवाय जीव पुरा होत नाही.

आता या प्रयोगाच्या शेजारी आपल्या बायकांचे दोन आजार ठेवून बघा. द्राक्षगर्भ हा प्रसूतिगृहांना चांगला परिचयाचा. गर्भाशयात द्राक्षांच्या घडासारखे पाण्याचे फुगे होतात, मूल नसतंच. पूर्ण द्राक्षगर्भातली गुणसूत्रं सगळी पुरुषाकडची असतात, म्हणून त्यात वारेसारखी वाढ दिसते आणि शरीर दिसत नाही. डर्मॉइड त्याच्या अगदी उलट. तिथे सगळं आईचं, म्हणून शरीराचे अवयव दिसतात आणि वार जवळजवळ नाही. एकाच कायद्याची ही दोन टोकं. २००४ मध्ये जपानमध्ये तोमोहिरो कोनो यांच्या चमूनं या खुणांमध्ये फेरफार करून दोन मातांपासून, पित्याविना, 'कागुया' नावाची उंदरीण जन्माला घातली, तेव्हा ही खूणगाठ पक्की झाली.

म्हणजे डर्मॉइड हे 'अपुरं राहिलेलं मूल' नाही. ते मूल होणं कधीच शक्य नव्हतं. हे सांगणं मला गरजेचं वाटतं, कारण काही बायकांच्या मनाला ही टोचणी लागून राहते.

ठाण्यातल्या एका जुन्या वास्तूची आठवण

गाठीत मेंदूच्या पेशी असतात, असं वर ओझरतं लिहिलं. त्याची एक विलक्षण उपकथा आहे.

तरुण, धडधाकट मुलगी. एकदोन आठवड्यांत तिची झोप उडते, तिला भास होऊ लागतात, ती असंबद्ध बडबडते, घरच्यांना ओळखत नाही, मग झटके येतात, तोंडाच्या विचित्र हालचाली होतात, बोलणं बंद पडतं. २००७ मध्ये जोसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी अशा १२ स्त्रियांचं कोडं सोडवलं. या सगळ्यांच्या शरीरात टेराटोमा, म्हणजे डर्मॉइडच्या कुळातली गाठ होती, बहुतेकींच्या अंडाशयातच. गाठीतल्या मेंदूसारख्या पेशींना शरीराच्या संरक्षण यंत्रणेनं परकं मानलं, त्यांच्यावर सोडायला प्रतिपिंडं तयार केली आणि तीच प्रतिपिंडं डोक्यातल्या खऱ्या मेंदूच्या 'एनएमडीए' ग्राहकांवर (रिसेप्टरांवर) जाऊन चिकटली. ओटीपोटातली गाठ काढली आणि प्रतिपिंडं आवरणारी औषधं दिली की बहुतेक रुग्ण सुधारतात, काही तर पूर्ण बऱ्या होऊन शिकायला, कामाला परत जातात. हा आजार गाठीशिवायही होतो, मुलांना आणि पुरुषांनाही होतो आणि डर्मॉइड असलेल्या लाखो बायकांपैकी फारच थोड्यांना होतो. तेव्हा रिपोर्टमध्ये डर्मॉइड वाचून या गोष्टीची धास्ती घेऊ नये.

ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. त्याच्या पहिल्या शंभर वर्षांत या आजाराला जगात कुठेही नाव नव्हतं. 'बाहेरचं' झालं म्हणून मांत्रिक होते, अंगारे होते. आज नाव आहे, तपासणी आहे, उपचार आहे. एखादी तरुण मुलगी अचानक अशी बदलली आणि सोबत झटके आले, तर देवऋषी तर नकोच, पण एकट्या मनोविकारतज्ज्ञांवरही थांबू नये. मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासावं आणि पोटाची सोनोग्राफीही व्हावी.

भुवईच्या टोकाशी

सगळे डर्मॉइड बीजांडातून येत नाहीत. लहान मुलांच्या भुवईच्या बाहेरच्या टोकाशी, कातडीखाली, सेंटीमीटरभर टणक गोळी लागते, दुखत नाही, सावकाश वाढते. तिचा उगम निराळा. चौथ्या ते आठव्या आठवड्यात गर्भाचा चेहरा वेगवेगळ्या भागांतून पुढे सरकत जुळून येतो. जुळताना कातडीचा एखादा कण सांध्यात अडकून आत राहतो आणि तिथेच त्वचेचे धर्म पाळत बसतो. म्हणून या गोळ्या नेमक्या सांध्यांच्या रेषेवर सापडतात: भुवईचं टोक, नाकाचा दांडा, जिभेखाली, कधी पाठीच्या मणक्यावर.

भुवईवरची गोळी सहसा साधी असते. शल्यविशारद भुवईच्या केसांत किंवा पापणीच्या घडीत छेद घेऊन ती अखंड काढतात, व्रण दिसतही नाही. पिळू नये, शेकू नये, घरी फोडू नये, कारण फुटली तर आतल्या तेलानं आजूबाजूला दाह होतो आणि तुकडा राहिला तर ती पुन्हा येते. नाकाच्या मधोमध गोळी असेल, विशेषतः तिथल्या बारीक छिद्रातून केस बाहेर आलेला असेल, तर आधी एमआरआय हवाच. ती वाट कधीकधी आत मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेली असते.

काढायची की ठेवायची?

पुन्हा अंडाशयाकडे येऊ. रिपोर्ट हातात आहे, पुढे काय?

सगळ्यात आधी एक घोटाळा दूर करायला हवा. 'ओव्हरीत सिस्ट' म्हटलं की आपल्याकडे ते थेट पीसीओडी होतं. पीसीओडी हा संप्रेरकांचा प्रश्न. पाळीच्या चक्रात होणारे साधे पाण्याचे सिस्ट दोनतीन महिन्यांत आपोआप जिरतात. डर्मॉइड यातला नाही. तो गोळ्यांनी विरघळत नाही, काढ्यानं नाही, आहारानं नाही. केस आणि दात विरघळवणारं औषध कुणाकडेच नाही. जो देतो म्हणतो, त्याच्याकडे जाऊ नये.

पण विरघळत नाही म्हणजे उद्याच कापायला हवा असंही नाही. डर्मॉइड फार संथ वाढतो. पाळी चालू असलेल्या बायकांत वर्षाला सरासरी दोन मिलिमीटरांहूनही कमी. लहान असेल, त्रास नसेल, सोनोग्राफीत खुणा स्पष्ट असतील, तर वर्षातून एकदा सोनोग्राफी करून लक्ष ठेवणं हा मान्य मार्ग आहे. गाठ पाच-सहा सेंटीमीटरांच्या पुढे गेली, दुखू लागली, झपाट्यानं वाढली किंवा चित्रात काही संशयास्पद दिसलं की शस्त्रक्रियेचा विषय निघतो. चित्र संदिग्ध असेल तर एमआरआय मदतीला येतो, कारण त्यात चरबी वेगळी ओळखता येते. रक्तातले सीए-१२५ आणि सीए १९-९ हे निर्देशक थोडे वाढलेले आले म्हणून लगेच कॅन्सर समजू नये. साध्या डर्मॉइडमध्येही १९-९ वाढतं.

कॅन्सरचं म्हणाल तर शंभरात एक-दोन गाठींत तो होतो, तोही बहुतेक चाळिशी-पन्नाशीनंतर, मोठ्या गाठीत. कोवळ्या मुलींमध्ये मात्र 'इमॅच्युअर टेराटोमा' नावाची एक वेगळी, दुर्मिळ आणि गंभीर गाठ असते. म्हणून मुलींच्या भरीव, वेगानं वाढणाऱ्या गाठीत आणखी काही रक्ततपासण्या करतात.

खरी घाई एकाच वेळी करायची असते. अंडाशय देठावर लोंबतं. त्यात जड डर्मॉइड असला की कधी अख्खं अंडाशय देठावर पिळलं जातं आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. ओटीपोटात एका बाजूला अचानक भयंकर कळ, लाटेसारखी येणारी, सोबत मळमळ, उलटी. डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल पकडून, संध्याकाळी पुन्हा त्याच गर्दीतून घरी येणाऱ्या बाईला दुखणं अंगावर काढायची इतकी सवय असते, की ती म्हणते पाळीचं असेल, गॅस असेल, आज रविवार नाही, उद्या बघू. इथे उद्या चालत नाही. काही तासांत पीळ सोडवला तर काळंनिळं दिसणारं अंडाशयही बहुतेक वेळा जगतं. उशीर झाला तर जातं. ज्या बाईला आपल्याला डर्मॉइड आहे हे माहीत आहे, तिनं आणि तिच्या घरच्यांनी एवढी एक गोष्ट पाठ करून ठेवावी.

शस्त्रक्रिया आता बहुतेक वेळा दुर्बिणीतून होते. आपल्याकडे या तंत्राचा पाया मुंबईत घातला गेला. डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, ती देशातली पहिली अशी शस्त्रक्रिया. सरकारी रुग्णालयातल्या गरीब माणसाला मोठा छेद आणि लांबलेली रजा परवडत नाही, म्हणून हे तंत्र त्याच्यासाठीच अधिक गरजेचं आहे, असं ते आग्रहानं मांडत.

पूर्ण भूल देऊन पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, तीन-चार छोट्या छिद्रांतून दुर्बीण आणि अवजारं आत घालतात. अंडाशयाच्या पृष्ठभागावर छेद घेऊन गाठ आतून सोडवत, सोडवत वेगळी करतात. निरोगी अंडाशय मागे राहतं. हे हळुवार हातानं करायचं काम आहे, कारण सोललेल्या प्रत्येक पापुद्र्याबरोबर काही बीजांडं जाऊ शकतात. सुटलेली गाठ पोटातच एका प्लास्टिकच्या पिशवीत घेतात, पिशवीचं तोंड छिद्रातून बाहेर ओढतात आणि आतला माल तिथेच शोषून, तुकड्यातुकड्यानं काढतात. आत सांडला तर पोटाच्या अस्तराला दाह होऊ शकतो. सांडलाच तर कोमट सलाइननं, लिटरच्या हिशोबानं, पोट पुन्हा पुन्हा धुतात. कोमटच का, हे एव्हाना लक्षात आलं असेल: गार पाण्यात ती चरबी थिजून चिकटून बसते. असं धुतलं तर दाहाची वेळ क्वचितच येते. बाई बहुधा एकदोन दिवसांत घरी जाते.

दहापैकी एखादीला दुसऱ्या अंडाशयातही डर्मॉइड असतो. पूर्वी म्हणून दुसरं अंडाशय कापून बघत. आता सोनोग्राफी चांगली असल्यानं नुसतं डोळ्यांनी बघतात, विनाकारण छेद देत नाहीत. गरोदरपणात सापडला तर बहुतेक वेळा बाळंतपण होईपर्यंत लक्ष ठेवतात, काढावाच लागला तर चौथ्या महिन्यानंतरचा काळ निवडतात. पाळी गेलेल्या बाईचं अंडाशय गाठीसकट काढणं अनेकदा अधिक सुरक्षित ठरतं.

आणि गर्भपिशवी? डर्मॉइडसाठी गर्भपिशवी काढायचं काही कारण नसतं. आपल्या राज्यात हे ठासून सांगावं लागतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या ज्या संख्येनं काढल्या गेल्या, त्याची चौकशी करायला २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली होती. 'गाठ आहे, पिशवीच काढून टाकू' असं कुणी म्हणालं तर कागद घेऊन दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावं. त्यासाठी परवानगी लागत नाही. तरुण मुलीच्या बाबतीत पहिला प्रश्न हाच विचारावा: अंडाशय वाचवणार का? एका अंडाशयावर, किंवा दोन्हींच्या राहिलेल्या भागावरही, मुलं होतात. लग्न ठरताना ही गोष्ट लपवण्याजोगी नाही आणि नाकारण्याजोगीही नाही.

कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. कल्याणला रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीला शास्त्रीनगर ही महापालिकेची रुग्णालयं आहेत. आपली शस्त्रक्रिया तिथे होईल की पुढे पाठवतील, हे ओपीडीत विचारता येतं. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशनकार्ड आणि रिपोर्ट दाखवून आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते का, हे दाखल होण्याआधी त्यांच्याकडून पक्कं करून घ्यावं.

टाके निघाले, बाई कामाला लागली, की एक कागद हटकून विसरला जातो. काढलेली गाठ पॅथॉलॉजीत जाते आणि त्यांचा अहवाल साधारण आठवडाभरानं येतो. तो आणायलाच हवा. कॅन्सर नाही, पेशी कोवळ्या जातीच्या नाहीत, हे सूक्ष्मदर्शकाखालीच ठरतं. त्या अहवालात त्वचा, केशमुळं, तैलग्रंथी, कूर्चा, थायरॉइडची ऊती, मेंदूची ऊती अशी यादी असते. 'मॅच्युअर' लिहिलं असेल तर निश्चिंत व्हावं. 'इमॅच्युअर' लिहिलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. आणि काहीही लिहिलेलं असलं तरी तो कागद जपून ठेवावा, कारण शंभरात तीन-चार जणींना काही वर्षांनी पुन्हा डर्मॉइड होतो आणि तेव्हा नव्या डॉक्टरांना सगळ्यात आधी हाच कागद लागतो.